जुन्या विमान-इंजिनांचे सुटे भाग आणि ‘मूळ नमुना’ : अमेरिकन विमानकायद्यातील एका कल्पनेचा इतिहास

यंत्राचे आयुष्य ते घडविणाऱ्या कारखान्याच्या आयुष्यापेक्षा दीर्घ ठरले, म्हणजे कायद्यापुढे एक चमत्कारिक प्रश्न उभा राहतो. शेतावरच्या तेलइंजिनाच्या बाबतीत तो उद्भवत नाही. तेथे गावचा लोहार किंवा तालुक्याचा टर्नर जो भाग घडवून देईल तो बसतो, आणि इंजिन चालले की वाद मिटतो. विमानाच्या इंजिनाचे तसे नाही. ते चालते एवढ्यावर कायदा संतुष्ट होत नाही. ज्या नमुन्याला राज्यसंस्थेने एकदा मान्यता दिली, त्या नमुन्याशी ते जुळते काय, असे तो विचारतो. मग तो नमुना १९२९ सालचा असो, तो सिद्ध करणारी कंपनी महामंदीत बुडालेली असो, आणि त्या कंपनीची रेखाटने कोणत्या कपाटात आहेत याचा कोणालाही थांगपत्ता नसो. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपुरता केला आहे. कारण जुन्या खाजगी विमानांची जोपासना तेथे मोठ्या प्रमाणावर झाली, आणि तीमधून उद्भवलेला एक वाद त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला.

प्रारंभकाळ ध्यानी घेतल्यावाचून पुढील गुंतागुंत उमगणार नाही. १९२६ च्या मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष कूलिज यांच्या स्वाक्षरीने ‘एअर कॉमर्स ॲक्ट’ अस्तित्वात आला आणि वाणिज्य खात्याच्या विमानशाखेला विमानांची तपासणी करून त्यांना मान्यता देण्याचा अधिकार मिळाला. पहिले नमुना-प्रमाणपत्र १९२७ च्या मार्चमध्ये ‘ब्युल एअरस्टर’ या विमानाला देण्यात आले. परंतु त्या वेळी अमेरिकेच्या आकाशात उडणाऱ्या यंत्रांपैकी पुष्कळशी या कायद्याहून वयाने मोठी होती. पहिल्या महायुद्धात कर्टिस कंपनीचे ‘ओएक्स-५’ हे आठ सिलिंडरांचे, पाण्याने थंड होणारे, नव्वद अश्वशक्तीचे इंजिन हजारोंच्या संख्येने तयार झाले होते. युद्ध संपल्यावर शिल्लक राहिलेली ही इंजिने कवडीमोलाने विकली गेली. त्यांच्या भोवती विमाने रचून ‘वॅको’, ‘ट्रॅव्हल एअर’ यांसारख्या कंपन्यांनी आपला जम बसविला, आणि अशा विमानांना नव्या कायद्याखाली प्रमाणपत्रेही मिळाली. कायदा इंजिनामागून आला आणि आल्यावर त्याने इंजिनाला आपलेसे करून घेतले, असे म्हटले तरी चालेल.

या इंजिनाची उणीव सर्वश्रुत होती. त्याची व्हॉल्व्ह चालविणारी यंत्रणा उघडी असे, तिला वरचेवर हाताने वंगण द्यावे लागे, आणि प्रज्वलनाची व्यवस्था एकेरीच असल्याने मॅग्नेटो बंद पडला की खाली शेत शोधण्यावाचून गत्यंतर नसे. साहजिकच तिऱ्हाईत कारखान्यांनी सुधारित रॉकर बनवून विकावयास आरंभ केला. ‘मिलर’ पद्धतीचे रॉकर बसविलेल्या इंजिनाला वैमानिकांच्या बोलीत ‘मिलराइज्ड’ असे विशेषणच लागले. मिलवॉकीच्या टँक बंधूंनी तर हेच इंजिन हवेने थंड होईल असे बदलून दाखविले. आज वस्तुसंग्रहालयांतून आणि छांदिष्टांच्या हँगरांतून जी ‘मूळ’ ओएक्स-५ इंजिने दाखविली जातात, त्यांतील कित्येकांत असे परके भाग कायमचे वस्तीला आलेले आहेत. अशा इंजिनाला मूळ म्हणावे काय, हा प्रश्न इतिहासकाराला अडचणीचा वाटतो. त्या काळच्या मेकॅनिकला तो पडलाही नसेल.

येथे ‘मिलिंदप्रश्ना’तील रथाची आठवण होणे स्वाभाविक आहे. नागसेनाने चाक, आस आणि जू एकेक करून दाखविले व यांपैकी रथ कोणता, असे राजाला विचारले. विमानकायद्याचे उत्तर नागसेनाच्या उत्तरापेक्षा फारच रोखठोक आहे. इंजिनाची ओळख त्यावर ठोकलेल्या, आगीत न जळणाऱ्या नावपट्टीत आणि त्याच्या नोंदवहीत असते. पट्टी काढणे, बदलणे अगर दुसरीकडे लावणे यांस नियमाने मनाई आहे. क्रँककेस, क्रँकशाफ्ट, पिस्टन सारे बदलले तरी इंजिन तेच राहू शकते. मात्र बदललेला प्रत्येक भाग मान्य नमुन्याशी जुळला पाहिजे. नोंदवहीचे महत्त्वही असेच. कोणीही कुशल कारागीर इंजिन ओव्हरहॉल करू शकतो, परंतु त्याचे जुने तास पुसून शून्यापासून नवी वही उघडण्याचा अधिकार केवळ निर्मात्याला किंवा त्याने मान्य केलेल्या संस्थेला आहे. निर्माताच नाहीसा झाला असेल, तर ते इंजिन कितीही नव्यासारखे केले तरी कायद्याच्या दृष्टीने म्हातारेच राहते.

‘ओव्हरहॉल’ या शब्दालाही नियमांनी ठराविक अर्थ दिला आहे. यंत्र खोलले, धुतले, तपासले, जरूर तेथे दुरुस्त केले, पुन्हा जोडले आणि मान्य कसोट्यांवर चालवून पाहिले, म्हणजेच त्याची नोंद या नावाने करता येते. ‘रीबिल्ट’ म्हणजे पुनर्निर्मित हा वरचा दर्जा. तेथे प्रत्येक भाग नव्या भागाच्या मापात, अथवा मान्य केलेल्या वाढीव किंवा घटीव मापात बसावा लागतो. व्यवहारात या दोन शब्दांची सरमिसळ फार होते आणि जुन्या इंजिनांच्या खरेदी-विक्रीतील तंट्यांना ती चांगलेच खाद्य पुरविते.

१९३८ च्या नागरी विमानविद्या कायद्याने आणि त्याखाली झालेल्या नियमावलीने ही व्यवस्था पक्की केली. १९५८ च्या कायद्याने फेडरल एव्हिएशन एजन्सी स्थापन झाली, आणि १९६४-६५ च्या सुमारास जुनी नियमावली नव्या क्रमांकांखाली मांडण्यात आली. आपल्या विषयाच्या दृष्टीने तीतील दोन भाग महत्त्वाचे : प्रमाणपत्रांविषयीचा एकविसावा आणि देखभालीविषयीचा त्रेचाळिसावा. त्रेचाळिसाव्या भागाचे मुख्य सूत्र असे की, वापरलेले द्रव्य व केलेले काम असे असावे की यंत्राची स्थिती निदान तिच्या मूळ किंवा रीतसर बदललेल्या स्थितीइतकी तरी चांगली राहील. हे सूत्र उदार आहे. त्यात ‘तोच भाग’ असा शब्दप्रयोग नाही. मुद्दा गुणवत्तेच्या समतेचा आहे. तथापि त्याच भागाच्या परिशिष्टात मोठ्या फेरफारांची यादी दिली असून, मूळ निर्मात्याने न पुरविलेले आणि प्रशासकाने खास मान्य न केलेले भाग इंजिनाच्या संरचनात्मक भागांच्या जागी बसविणे हे त्यात स्पष्टपणे समाविष्ट आहे. मोठा फेरफार म्हटला की त्याला मान्यताप्राप्त तांत्रिक आधार हवा आणि त्याची ठराविक नमुन्यातील नोंद शासनाकडे गेली पाहिजे. एका बाजूने उदार सूत्र, दुसऱ्या बाजूने ही यादी. जुन्या इंजिनाचा मेकॅनिक या दोहोंच्या मध्ये उभा असतो.

त्याची स्थिती एका उदाहरणाने स्पष्ट होईल. कॉन्टिनेंटल कंपनीचे ‘ए-६५’ हे चार सिलिंडरांचे, पासष्ट अश्वशक्तीचे इंजिन घ्या. ‘पायपर कब’ या विमानामुळे ते जगभर पसरले. त्याला ना सुपरचार्जर, ना पंख्याच्या वेगाला उतार देणारी दंतचक्रे. म्हणून ते पूर्ण खोलून जोडणे हे नियमांच्या भाषेत मोठ्या दुरुस्तीत मोडत नाही, आणि परवानाधारक मेकॅनिक स्वतःच्या सहीवर ते काम पुरे करू शकतो. भागही मिळतात, कारण कंपनी टिकली आणि इंजिनांची संख्या मोठी होती. याउलट किन्नर, वॉर्नर किंवा लब्लाँ यांच्या तारकाकृती इंजिनांचा मालक पाहावा. खोलणे-जोडणे त्यालाही जमते, परंतु एक झिजलेले कॅमचे दंतचक्र बदलावयाचे म्हटले की त्याची यात्रा सुरू होते.

एकविसाव्या भागातील २१.३०३ या कलमाचा संबंध येथे येतो. प्रमाणपत्रित यंत्रावर बसविण्यासाठी बदली भाग विक्रीकरिता कोणी तयार करू नये, जोपर्यंत त्याला ‘पार्ट्स मॅन्युफॅक्चरर अप्रूव्हल’ म्हणजे भागनिर्मितीची मान्यता मिळालेली नाही, असा त्या कलमाचा आशय होता. अपवाद मोजके : मूळ प्रमाणपत्राखाली होणारे उत्पादन, स्वतंत्र तांत्रिक मानकाखाली मान्य झालेली उपकरणे, नट-बोल्टांसारखे प्रमाणित भाग, आणि मालकाने स्वतःच्या यंत्रासाठी केलेला भाग. मान्यता मिळविण्याचे मार्गही ठरलेले. भाग मूळ भागाशी तंतोतंत एकरूप आहे असे दाखवावे, किंवा चाचण्या व गणिताने त्याची योग्यता सिद्ध करावी. एकरूपता दाखवावयाची तर मूळ रेखाटन हवे, आणि तेच तर हाती नसते. चाचणीचा मार्ग सर्वांना खुला आहे. पण ज्या इंजिनाचे जगात पन्नास नमुने उरले आहेत, त्याच्या एका दंतचक्रासाठी असा खर्च कोण करणार?

नमुन्याचा भाग समोर ठेवून मोजमाप घ्यावे आणि तसाच घडवावा, असे सामान्य माणसाला वाटते. यात एक फसगत आहे आणि तिचा थोडा विस्तार करणे योग्य होईल. झिजलेला भाग आपले आजचे माप सांगतो. तो नवा असताना केवढा होता, आणि कमी-अधिक किती असलेला चालत होता, हे तो सांगत नाही. दाताच्या पृष्ठभागाला किती खोलवर पाणी दिले आहे, पोलादात निकेल किती व क्रोमियम किती, हे मापनदंडाने कळत नाही. त्यासाठी भाग कापावा लागतो, आणि हाताशी असतो एकच. निष्कास-व्हॉल्व्हचे उदाहरण याहून बोलके आहे. सॅम हेरन यांनी १९२० च्या दशकात सोडियमगर्भ व्हॉल्व्ह विकसित केला. त्याचा दांडा आतून पोकळ असून त्यात सोडियम धातू असतो. तप्त अवस्थेत तो वितळून हिंदकळतो आणि व्हॉल्व्हच्या डोक्याची उष्णता दांड्याकडे वाहून नेतो. भरीव पोलादाचा हुबेहूब व्हॉल्व्ह केला तर तो बाहेरून ओळखू येणार नाही. तो बसेल, पहिल्या दिवशी इंजिन सुरूही होईल. पुढे केव्हा आणि कोठे त्याचे डोके तुटून सिलिंडरात पडेल, हे मात्र कोणी सांगावे! भागाची ओळख मापात नसून ती घडविण्याच्या प्रक्रियेत असते, आणि प्रक्रिया लिहिलेली असते ती केवळ कारखान्याच्या कागदांत.

मालकाने स्वतःसाठी केलेल्या भागाचा अपवाद म्हणून जुन्या विमानांच्या जगात संजीवनीसारखा मानला जातो. परंतु ‘मालकाने केलेला’ म्हणजे काय? सगळेच मालक लेथ चालविणारे नसतात. १९९३ साली विमान प्रशासनाच्या विधी विभागाने याचा अर्थ लावला. मालकाने प्रत्यक्ष हात लावण्याची आवश्यकता नाही. त्याने रचनेचा किंवा कार्याचा तपशील पुरविला, अथवा द्रव्य पुरविले, अथवा घडविण्याची पद्धत सांगितली, अथवा गुणनियंत्रणाची रीत ठरवून दिली, अथवा कामावर देखरेख केली, तरी त्याचा सहभाग ग्राह्य मानावा. नुसती मागणी नोंदवून पैसे मोजणे मात्र पुरेसे नाही. हा अर्थ समंजस आहे यात संशय नाही. पण त्याचा अनेकदा विपर्यास होतो. या अपवादाने मालकाची सुटका होते ती निर्मितीच्या मान्यतेपासून. भाग मान्य नमुन्याशी जुळला पाहिजे, या मूळ अटीपासून नव्हे. फिरून गाडी त्याच मुक्कामी येते : तो नमुना पाहावा कोठे?

नियम इतके कडक का, असे विचारणाऱ्याला १९८९ च्या सप्टेंबरातील एका अपघाताकडे बोट दाखविता येईल. ‘पार्टनएअर’ या नॉर्वेजियन कंपनीचे, १९५३ साली बांधलेले कॉन्व्हेर जातीचे विमान ऑस्लोहून हँबुर्गला जात असता डेन्मार्कच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले आणि पंचावन्न माणसे मृत्युमुखी पडली. शेपटीचा उभा पंख धडाला जोडणाऱ्या बोल्टांत बनावट व कमी ताकदीचे बोल्ट असल्याचे चौकशीत आढळले. जुने विमान, बदललेले भाग आणि ज्यांच्या मागे कागद नाहीत अशी सामग्री, यांचा संयोग काय करू शकतो हे या घटनेने जगाला दाखविले. अमेरिकेत १९९५ साली संशयित अमान्य भागांचा छडा लावण्यासाठी स्वतंत्र कार्यालय उघडण्यात आले, आणि २००० सालच्या एका कायद्याने विमानाच्या भागांबाबतची लबाडी हा संघराज्याच्या दंडविधानातील वेगळा गुन्हा ठरला; अशा भागाच्या दोषाने मृत्यू घडल्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा त्यात सांगितली आहे. अर्थात हा कायदा फसवणुकीविरुद्ध आहे, प्रामाणिक कारागिराविरुद्ध नाही. तरीही ज्याच्या भागाला मागचा कागद नाही तो प्रामाणिक माणूस आणि बनावट माल विकणारा लुच्चा हे दोघे निरीक्षकाच्या टेबलासमोर सारखेच दिसतात.

याच संदर्भात १९९४ च्या एका कायद्याचा उल्लेख केला पाहिजे. लहान विमानांच्या निर्मात्यांवर नुकसानभरपाईचे दावे अठरा वर्षांनंतर आणता येऊ नयेत, अशी मर्यादा त्याने घातली. मात्र नवा भाग बसविला की त्या भागापुरती अठरा वर्षांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. १९४० च्या इंजिनाबद्दल निर्भय झालेली कंपनी त्यासाठी नवा पिस्टन विकताच पुन्हा कोर्टाच्या छायेत येते. जुन्या इंजिनांचे भाग बनविण्यात मूळ कंपन्यांना उत्साह का नसावा, याचे एक कारण येथे सापडते. कारण एवढे एकच आहे असे मात्र नव्हे. ग्राहकांची संख्या हे त्याहून साधे कारण आहे.

आता या इतिहासातील मध्यवर्ती प्रकरणाकडे वळू. फेअरचाइल्ड कंपनीने १९३० च्या दशकात ‘एफ-४५’ नावाचे विमान थोड्या संख्येने तयार केले. त्याच्या प्रमाणपत्रासाठी तिने शासनाला सविस्तर तांत्रिक कागदपत्रे सादर केली होती, आणि ती शेकडो पाने शासनाच्या दप्तरात राहिली. ग्रेग हेरिक हे अशा एका विमानाचे मालक. ते मूळ स्थितीत आणण्यासाठी त्यांनी १९९७ साली माहिती-स्वातंत्र्याच्या कायद्याखाली या कागदांची मागणी केली. विमान प्रशासनाने व्यापारी गुपिताचे कारण सांगून ती नाकारली, आणि मूळ कंपनीच्या वारस कंपनीने कागद देण्यास हरकत घेतली. हेरिक यांच्या हाती एक विलक्षण पुरावा होता. १९५५ साली खुद्द कंपनीनेच शासनाला पत्र लिहून, दुरुस्ती करण्यासाठी व बदली भाग घडविण्यासाठी हे कागद लोकांना उसने द्यावेत, अशी परवानगी दिली होती. जे स्वतः उघड केले ते गुपित कसे? दहाव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने २००२ साली मान्य केले की, ते पत्र अमलात असेपर्यंत गुपितपण नव्हते. पण वारस कंपनीच्या हरकतीने ते पुनः प्रस्थापित झाले, असे गृहीत धरून हेरिक यांचे अपील फेटाळले. गेलेले गुपित परत येऊ शकते काय, हा प्रश्न हेरिक यांच्या बाजूने उपस्थितच केला गेला नव्हता.

महिनाही लोटला नाही तोच त्यांचे मित्र आणि जुन्या विमानांच्या एका संघटनेचे कार्यकारी संचालक ब्रेंट टेलर यांनी त्याच कागदांची मागणी केली, आणि उत्तर येईना म्हणून वॉशिंग्टनच्या न्यायालयात दावा लावला. खालच्या न्यायालयांनी हा दावा पूर्वन्यायाच्या तत्त्वावर अडविला : हेरिक यांनी टेलर यांचे ‘आभासी प्रतिनिधित्व’ केले होते, सबब एकदा निकाल लागलेला वाद पुन्हा चालविता येत नाही. १२ जून २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा तर्क एकमताने अमान्य केला. न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी लिहिलेल्या निकालाचा गाभा असा की, जो मागील दाव्यात पक्षकार नव्हता त्याला त्या निकालाने बांधता येणे हा अपवाद आहे. त्या अपवादांची संख्या मोजकी असून मैत्री अगर समान आवड यांमुळे तीत भर पडत नाही. प्रकरण पुढील विचारासाठी खाली परत गेले. कायद्याच्या पाठ्यपुस्तकांतून हा निकाल आज दिवाणी कार्यपद्धतीचा धडा म्हणून शिकविला जातो, आणि विद्यार्थ्यांना त्यातील विमान केवळ निमित्तमात्र वाटते. विमानाच्या अभ्यासकाला वाटते ते याच्या उलट.

कारण या वादाच्या बुडाशी असलेली विसंगती मूलभूत आहे. राज्यसंस्था नागरिकाला सांगते की, तुझे यंत्र मान्य नमुन्याशी जुळले पाहिजे; तो नमुना तिच्याच कपाटात आहे; आणि तो पाहू दे म्हटले तर गुपित आहे म्हणून ती नकार देते. प्रसिद्ध होतो तो प्रमाणपत्राचा गोषवारा. त्यात अश्वशक्ती, फेरे, सिलिंडराचा व्यास, वजन आणि इंधन एवढीच माहिती असते. त्यावरून दंतचक्र घडविणे म्हणजे मथळ्यावरून ग्रंथ लिहिण्यासारखे आहे. उलट बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. रेखाटने ही निर्मात्याची मालमत्ता होती, ती त्याने शासनाला विश्वासाने दिली, आणि हा विश्वास मोडला तर उद्या नवी यंत्रे सिद्ध करणारा आपले सर्व तपशील शासनापुढे मांडील काय, हा प्रश्न पोकळ नाही. माझ्या मते चालू उत्पादनाच्या बाबतीत तो निर्णायक आहे. साठ वर्षांपूर्वी बांधणे बंद झालेल्या यंत्राच्या बाबतीत मात्र त्याचे वजन फार थोडे.

२००९ हे वर्ष या दृष्टीने दुहेरी महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी विमान प्रशासनाने जुन्या विमानांसाठी पर्यायी भाग व द्रव्ये वापरण्याविषयी एक स्वतंत्र मार्गदर्शक परिपत्रक काढले आणि मूळ वस्तू दुर्मिळ वा अप्राप्य झाली असता पर्यायाचे समर्थन कसे करावे, हे सांगितले. परिपत्रक बंधनकारक नसते. पण निरीक्षकाशी बोलताना मेकॅनिकच्या हाती ते असणे आणि नसणे यांत अंतर आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात एकविसाव्या भागाची दुरुस्ती जाहीर होऊन बदली भागांचा नियम २१.९ या कलमात नव्या शब्दांत आला. जुन्या कलमाचा भर ‘विक्रीकरिता’ या शब्दावर होता. नव्या कलमाप्रमाणे आपण घडविलेला भाग प्रमाणपत्रित यंत्रावर बसण्याचा वाजवी संभव आहे हे ज्याला ठाऊक आहे, किंवा ठाऊक असावयास हवे, त्याच्यावर बंधन येते. मालकाचा अपवाद टिकला. परंतु त्याच्यासाठी लेथवर बसणारा टर्नर आता पूर्वीइतका अनभिज्ञ राहू शकत नाही.

शेवटी संसदेने हस्तक्षेप केला. २०१२ च्या विमान प्रशासन-विषयक कायद्यात अशी तरतूद झाली की, प्रमाणपत्र तीन किंवा अधिक वर्षे निष्क्रिय असेल, योग्य शोध घेऊनही त्याचा नोंदलेला मालक अगर वारस सापडत नसेल, आणि कागद दिल्याने उड्डाणांची सुरक्षितता वाढणार असेल, तर मालकाच्या संमतीवाचून ते कागद मागणाऱ्यास देता येतील. इंजिने या तरतुदीत नावाने आली आहेत. दुसरी अट लक्षपूर्वक वाचावी. फेअरचाइल्डच्या प्रकरणात वारस सापडत नव्हता असे नाही. तो हजर होता, आणि हजर राहून नकार देत होता. ज्या इंजिनांच्या कंपन्या वंशासकट नाहीशा झाल्या, त्यांची कपाटे या तरतुदीने उघडू शकतात. ज्यांची नावे विलीनीकरणांच्या साखळीतून कोठेतरी एखाद्या महामंडळाच्या मालमत्तेच्या यादीत उरली आहेत, त्यांच्या मालकांना आजही संमतीपत्रच मागावे लागते.